राखपंथाचे पाच वाटे

आमच्या बोडीटोल्यात पुस्तक वाचायची जी रीत होती, ती ऐकून बाहेरचा माणूस आधी हसायचा आणि मग कपाळाला हात लावायचा. आम्ही पुस्तक फाडून वाचायचो. रागाने नव्हे, रीतसर.

त्याचं असं आहे, आम्ही ढिवर लोक. तलावात जाळं ओढलं की मासळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणून तिचे ढीग घालायचे, जेवढी घरं तेवढे ढीग. मग एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका ढिगाला काठी लावून विचारायचं, "हा कोनाचा?" आणि पाठमोऱ्याने मनाला येईल ते नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा. मोठा मासा कोणाला गेला, कोणाच्या नशिबी नुसते झिंगे आले, यावर मग तोंड उघडायचं नाही. पाठमोरं उभं राहायचं काम माझ्याकडे असे, कारण गावात माझ्याइतकं भांडकुदळ कोणी नव्हतं. गोकुळाशी भांडण्यापेक्षा मिळाला तो वाटा घेऊन घरी जावं, असं लोकांचं मत होतं आणि ते काही खोटं नव्हतं.

देवानंद एकदा जाळ्यासाठी नायलॉनचा दोरा आणायला चंद्रपूरला गेला. हा देवानंद आमच्या घाटावर डोंगा चालवायचा, वैनगंगेच्या या काठाची माणसं त्या काठाला सोडायचा. दोरा त्याने कमी आणला आणि येताना बसस्टँडवरून एक जाडसर पुस्तक आणलं, 'मेघकोटाची गादी, भाग पहिला'. माझे वडील शालिकराम म्हणजे जाळ्याचे प्रमुख. ते दोऱ्यावरून आधी त्याच्यावर तापले, मग पुस्तक हातात घेतलं, आणि जेवायला बोलावलं तरी उठेनात. पुढचे भाग सगळ्यांनी वर्गणी करून आणायचे ठरले. वर्गणीदार पाच. बाबा, देवानंद, रस्त्यावर चहाचं दुकान चालवणारी नीलाबाई, जंगलातल्या गावाहून चारोळी घेऊन बाजाराला येणारा चैतूभाऊ, आणि मी. एका घरात दोन वाटे कशाला, असं बाबा म्हणाले होते. मी म्हटलं की बापाच्या वाट्यातलं उष्टं मी वाचणार नाही. मिळाला वेगळा वाटा.

आता पाच जणांची वर्गणी म्हटल्यावर पाच वाटे आलेच. दुसरा भाग आला तसा बाबांनी जाळं दुरुस्त करायच्या सुरीने पुस्तकाची शिवण उसवली, पानांचे पाच ढीग घातले आणि काठी घेतली. मी पाठ केली. "हा कोनाचा?" झालं. ज्याला जो वाटा आला तो त्याने बाजाराच्या दिवसापर्यंत वाचायचा आणि त्या दिवशी नीलाबाईच्या दुकानात अदलाबदल करायची. सगळ्यांचं वाचून झालं की वाटे पुन्हा शिवून पुस्तक आमच्या फळीवर ठेवायचं. कोणाला गोष्ट मधूनच सुरू व्हायची, कोणाला शेवट आधी मिळायचा. ज्याला पुढचं कळलं असेल त्याने मागच्याला सांगायचं नाही, यासाठी जाळ्याची आन, म्हणजे शपथ, होती. जाळ्याची आन मोडली तर जाळं रिकामं येतं. चैतूभाऊचा जाळ्याशी संबंध नव्हता, तरी त्याने आमच्यापेक्षा कडक पाळली. तिसऱ्या भागाचा शेवट त्याला सगळ्यात आधी आला तेव्हा तो आठवडाभर दुकानाकडे फिरकलाच नाही. आम्ही चेहरा वाचू, अशी त्याला धास्ती होती.

गोष्ट होती मेघकोट नावाच्या राज्याची. राजपुत्र, गादी, किल्ला, हे सगळं होतंच, पण आम्हाला वेड लावलं ते राखपंथाने. राखपंथ म्हणजे मारेकऱ्यांचा पंथ. ते कोणाच्या जिवावर उठले की आदल्या दिवशी त्याच्या उंबऱ्यावर राखेने अंगठा उमटवायचे. दीक्षा घेतानाच बोलणं सोडायचे. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याला मारायचे नाहीत. त्यांच्या गुरूला सगळे 'अबोल' म्हणायचे. तो कोण, राहतो कुठे, हुकूम पोचवतो कसा, हे आठ भाग झाले तरी लेखकाने सांगितलं नव्हतं. चार वर्षं आम्हाला नुसतं लटकवून ठेवलं होतं त्या माणसाने.

गावात तोवर राखेला भाव आला होता. कोणाशी बिनसलं की त्याच्या उंबऱ्यावर अंगठा उमटलाच म्हणून समजा. नीलाबाईच्या सासूच्या खाटेजवळ एकदा सकाळी राखेचा अंगठा दिसला. म्हातारीने कोण करणी करून गेलं म्हणून अख्खं गाव डोक्यावर घेतलं, आणि नीलाबाई मांजराचा पाय असेल म्हणत चहा गाळत राहिली. तिच्या अंगठ्याच्या रेषेत संध्याकाळपर्यंत राख होती.

अबोल कोण, यावर प्रत्येकाचा आपापला तर्क होता आणि तर्कावर जीव होता. नीलाबाईचं म्हणणं, राणीची सासू. दुसरं कोण असणार, सासूच असणार, पुरावा काय मागता. चैतूभाऊ म्हणायचा की मुदपाकखान्यातला आचारी, कारण मिठाचा नियम ज्याने केला त्याच्या हातात मीठ असलं पाहिजे. देवानंद म्हणायचा की अबोल कोणी नाहीच. प्रत्येक राखपंथ्याला वाटतं दुसरा कोणी गुरू आहे, आणि पंथ आपला आपण चालू आहे. हा तर्क ऐकला की माझं डोकं फिरायचं. चार वर्षं वाचायचं आणि शेवटी कोणीच नाही?

बाबांचा तर्क सगळ्यांत जोरदार होता. अबोल म्हणजे मेलेला राजा. राखपंथी मरून परत येतात, हे त्यांनी चौथ्या भागावरून सिद्ध केलं होतं. त्या भागात राजा विषाने मरतो, त्याला अग्नी देतात, आणि पुढच्याच प्रकरणात तो खुशाल बसून दूधभात खातो. लेखकाने याचा खुलासा कुठेच केला नव्हता, म्हणून तर बाबांना त्यात खोल अर्थ दिसायचा. दूधभाताची दोन पानं त्यांना तोंडपाठ होती.

आणि माझी होती कंदिलवाली. लोचना तिचं नाव. किल्ल्यातले दिवे लावायचं काम तिचं. भागात एकदा नाहीतर दोनदा येते, तेल घालते, वात सारते आणि जाते. माझ्या एवढंच लक्षात आलं होतं की जिथे जिथे खून होतो तिथे एक दिवा विझलेला असतो. दर वेळी. लेखक सहज लिहून जातो, जिन्यावरचा दिवा मालवला होता, देवडीतला दिवा गेला होता. हुकूम तोच, मी म्हणायची, दिवा विझवून सांगायचं की आज या वाटेने जा. बाबा हसायचे. तेल संपलं असेल, म्हणायचे. नीलाबाई म्हणायची, वारा असेल वो. देवानंद काही म्हणायचा नाही, पण ओठ दाबून बसायचा, आणि ते हसण्यापेक्षा वाईट. एकदा मी त्याच्या डोंग्यावर राखेचे अंगठे उमटवून आले, टोकापासून टोकापर्यंत. त्याने ते पुसले नाहीत. पावसाने गेले तेव्हा गेले.

मग नववा भाग आला, शेवटचा. आणि त्याच सुमाराला वरोऱ्याहून माझ्यासाठी स्थळ आलं.

मुलाचं नाव हेमराज. वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगात नोकरी, पक्कं घर, माणसं आमच्यातलीच. बाबा खुशीत होते. पोरीला डोक्यावर मासळीची टोपली घेऊन चामोर्शीचा बाजार करावा लागणार नाही, याचं त्यांना फार समाधान होतं. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. मी फक्त म्हटलं, नववा भाग संपला की उत्तर देते. बाबांनी तसा निरोप पाठवला. जगात कोणाच्या बापाने वरपक्षाला असा निरोप पाठवला असेल असं मला वाटत नाही. पण वरोऱ्याचे लोक समजूतदार, आधी एकदा मुलगी बघून तर जातो म्हणाले.

नवव्या भागासाठी बाबांनी वेगळा नियम केला. चार वाटे फिरवायचे, पाचवा कोणीच वाचायचा नाही. तो देवानंदने जाळ्याच्या दोऱ्याने बांधला, वर अशी गाठ मारली की सोडणाऱ्याला दात लावावे लागतील, आणि नीलाबाईच्या दुकानात चुलीच्या वरच्या शिंक्यात ठेवला. चारही वाटे फिरून झाले की पाचवा सगळ्यांनी मिळून पाळीवर बसून वाचायचा. चहा पिताना प्रत्येकाची नजर शिंक्याकडे. नीलाबाईला तर कोणी नुसतं मान वर करून आळस दिला तरी संशय यायचा.

अशात हेमराज आला, मामा-मामीला घेऊन. खरं सांगते, मला तो वाईट वाटला नाही. स्वच्छ शर्ट, मोकळं हसणं, बाबांशी अदबीने बोलणं. फळीवर मेघकोटाचे भाग दिसले तसा तो उठून उभाच राहिला. त्यालाही तोच नाद निघाला. त्याच्याकडे सगळे भाग होते, वरोऱ्याच्या स्टेशनवरून घेतलेले, एकही पान न उसवलेले. बाबा इतके खूश झाले की मुलगी दाखवायची राहिली बाजूला आणि चौथा भाग काढून दूधभाताचं प्रकरण दाखवत बसले.

हेमराजने पानं पुढेमागे केली आणि तो हसायला लागला. वाईट हसला नाही, पण पोट धरून हसला. "बाबाजी, हे तं उलटं शिवलं हाय," तो म्हणाला. "दूधभात आधी हाय, मरन नंतर. त्या दूधभातातच तं जहर हाय."

मी चौथा भाग हातात घेतला. खरं होतं. त्या साली तो भाग डोंग्यात भिजला होता. नीलाबाईने चुलीपाशी सुकवायला ठेवला, तर खालची कडा जळून पानांचे आकडेच गेले. मग तिने वाटे गोळा करून आपल्या अंदाजाने शिवले. तिसरा वाटा चौथ्याच्या मागे गेला, आणि आमच्या गावात राजा मरून परत जेवायला बसला. त्यावर बाबांनी एवढा मोठा इमला बांधला होता.

मला बाबांकडे बघवेना. बाबांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, मिटलं आणि फळीवर जागच्या जागी ठेवलं. "तुमच्या पुस्तकात मेला असन," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या पुस्तकात राजा जिता हाय." आणि पाहुण्यांना तलाव दाखवायला घेऊन गेले. त्या दिवशी मला माझा बाप फार आवडला.

हेमराज मागे राहिला. अंगणात जाळं वाळत होतं, त्याच्याजवळ आम्ही दोघं उभे. मला खूश करावं असं त्याच्या मनात आलं असणार. नववा भाग तर माझा परवाच संपला, म्हणाला. मी लगेच म्हटलं, पुढचं सांगू नका, आमची आन आहे. त्याला वाटलं मुलगी लाजते आहे. मी पुन्हा सांगितलं, या वेळी जोरात. तो हसला, जरा झुकला आणि हळूच म्हणाला, "अबोल म्हंजे ते कंदिलवाली निघते. दिवे लावनारी. कोनाच्या ध्यानातच नाई आलं."

मासळीची रिकामी टोपली माझ्या पायाशी होती. ती मी उचलली नाही, याचं श्रेय मी आजही स्वतःला देते.

त्याला काय कळणार की त्याने काय केलं. चार वर्षं मी एकटी त्या कंदिलवालीसाठी सगळ्यांशी भांडत होते. पाळीवर, बाजारात, जाळं ओढताना. आणि मी बरोबर होते. ते शेवटचं पान उघडेल, सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील, आणि मला स्वतःलाही तेव्हाच कळेल, या एका गोष्टीची मी वाट बघत होते. ती त्याने अंगणात उभ्या उभ्या, पाहुणचाराची सुपारी द्यावी तशी माझ्या हातावर ठेवली. वर हसत होता बिचारा. पाहुणे गेले तेव्हा बाबांनी विचारलं, कसा वाटला. मी म्हटलं, भाग संपू द्या.

आता माझी पंचाईत बघा. जाळ्याची आन मलाही होती. ज्याला पुढचं माहीत आहे त्याने बोलायचं नाही. कंदिलवालीसाठी भांडावं तर आता तो तर्क राहिला नव्हता, ते सांगणं झालं असतं. आणि न भांडावं तर मी गोकुळा कसली. बाजाराच्या दिवशी नीलाबाईकडे सगळे जमले, बाबांनी नेहमीप्रमाणे दिव्यातलं तेल संपवलं, आणि मी चहाच्या कपात बघत बसले. चैतूभाऊने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, दाढ दुखते. नीलाबाईने मला लवंग दिली. ती चावत मी घरी आले, आणि रडले. इतकी मोठी गोष्ट कळलेली असून ती कोणापाशी बोलता येऊ नये, याच्यासारखी चीड दुसरी नाही.

पुढच्या बाजाराला मी टोपली घेऊन डोंग्यात बसले. त्या दिवशी डोंग्यात दुसरं कोणी नव्हतं. देवानंदने डोंगा अर्ध्या नदीत आणला.

"तू भांडून नाई राह्यली," मग तो म्हणाला.

"दाढ दुखते."

"दाढ दुखली का तू जास्त भांडते. मागच्या साली पाह्यलं मी."

मी पाण्याकडे बघत राहिले. माझ्या चेहऱ्यावर कंदिलवाली लिहिलेली आहे असं मला वाटायला लागलं.

"सांगू नोको," तो म्हणाला. "मी इचारून नाई राह्यलो. चुकली असती तं तू अजून जोरात भांडली असती, एवढं मले समजते." त्याने बांबू पाण्यात रोवला. "पन तुही बाजू रिकामी पडली ना. कोनी तं बोलाले पायजे."

एवढं बोलून तो डोंगा काठाला लावायच्या कामाला लागला. मी टोपली डोक्यावर घेतली आणि उतरले. त्या दिवशी बाजारात मी कोणाशी काय बोलले, काय विकलं, मला काही आठवत नाही.

दुपारी नीलाबाईकडे बाबा पुन्हा दिव्यातलं तेल संपवायला निघाले, तसा देवानंद म्हणाला, "शालिकभाऊ, मले वाटते कंदिलवालीच हाय." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. चार वर्षं ज्याने अबोल नाहीच असं धरून ठेवलं होतं, त्याने एका चहात तर्क बदलला! चैतूभाऊने तर त्याचा कप वास घेऊन बघितला. आपला इतक्या वर्षांचा तर्क दुसऱ्यासाठी सोडून देणं ही काय चीज आहे, हे ज्याला असला नाद आहे त्यालाच कळेल. लोक शेताचा बांध सोडतील, तर्क सोडणार नाहीत.

पण त्याला माझ्यासारखं भांडता येईना. कंदिलवालीचा त्याचा अभ्यासच नव्हता. दुसऱ्या भागात सेनापतीला मारलं तेव्हा देवडीतला दिवा गेला होता, असं तो म्हणाला. देवडीतला नव्हे, घोड्यांच्या पागेतला! मी जीभ चावली. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान फिरवली. "म्हंजे देवडीतला नाई," तो म्हणाला, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "जिन्यातला?" मी डोळे मिटून घेतले. "पागेतला," तो म्हणाला. मी डोळे उघडले. नीलाबाई दूध उतू जात होतं तिकडे धावली, म्हणून तिच्या लक्षात आलं नाही.

मग हे असंच चाललं. माझं भांडण तो भांडायचा आणि मी त्याला डोळ्यांनी पुरावे द्यायची. पाचव्या भागातला विहिरीवरचा दिवा त्याने एकट्याने शोधला, तो माझ्याही नजरेतून सुटला होता. त्या रागात मी दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी मुद्दाम घाटावर गेले. चीड जाऊन मला मजा यायला लागली होती. हेमराजने जे हिसकावून घेतलं होतं ते दुसऱ्या वाटेने थोडंथोडं परत येत होतं, असं मला वाटत होतं आणि मी ते वाटू देत होते.

चार वाटे फिरून झाले. वरोऱ्याचा माणूस उत्तर विचारायला एकदा येऊन गेला होता. बाबांनी त्याला मासळी खाऊ घातली आणि सांगितलं, आता एकच वाटा राहिला आहे.

शिंक्यातली पुरचुंडी नीलाबाईने दोन्ही हातांनी धरून पाळीवर आणली. धान कापून झालं होतं, ऊन चांगलं होतं. देवानंदने गाठ सोडायला घेतली आणि ती त्यालाही सुटेना. शेवटी बाबांची सुरी लागली. वाचायचं कामही देवानंदकडेच दिलं, कारण त्याचा आवाज पाण्यावरून हाक मारून मारून मोकळा झालेला होता.

त्याने वाचलं. राजपुत्र तळघरात शिरतो. राखपंथी भिंतीला टेकून उभे असतात, कोणी अडवत नाही. मधल्या आसनावर तोंड झाकलेला अबोल. राजपुत्र विचारतो, तू कोण, आणि उत्तर येत नाही. अबोल फक्त हात लांबवतो आणि जवळच्या दिव्याची वात बोटांनी सारतो. देवानंद तिथे थांबला. पुढची ओळ त्याने इतकी हळू वाचली की नीलाबाईला पुन्हा विचारावं लागलं. त्या बोटांवर तेलाचा काळा डाग होता, आणि तो डाग राजपुत्राने लहानपणापासून रोज संध्याकाळी बघितला होता.

मग चैतूभाऊने मांडीवर थाप मारली. "जितला गा देवानंद."

"मी कायचा जितलो," देवानंद म्हणाला. पानं त्याने खाली ठेवली. "मी तं गोकुळाचंच बोलत होतो. तिले आधीच माहीत झालं होतं, म्हनून तिनं मौन धरलं. तिच्या तोंडून आन मोडली नाई, अन् मी इचारलं नाई."

बाबा माझ्याकडे वळले. मग मला सांगावंच लागलं, अंगणातलं, जाळ्याजवळचं, सगळं. सांगताना माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. कंदिलवाली, पागेतला दिवा, तेल संपलं म्हणणारे, वारा म्हणणारे, सगळ्यांचा हिशेब मी उभी राहून चुकता केला. नीलाबाई पदराने डोळे पुसत हसत होती. एवढी भांडकुदळ पोरगी आणि इतके दिवस दाढ धरून बसली, असं ती चैतूभाऊला पुन्हा पुन्हा सांगत होती. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की चूक झाली, तेल संपलं नव्हतं.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की मेघकोट संपला होता. आता बाजाराच्या दिवशी काय करायचं, हे कोणालाच कळेना. चैतूभाऊने आपली थैली उचलली, पुन्हा खाली ठेवली.

नीलाबाईच म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. आता कंदिलवाली माहीत झाली आहे, तर लेखकाने तिला कुठेकुठे उभी केली आहे ते बघू. असं ती म्हणाली आणि सगळ्यांच्या अंगात जीव आला. पहिला भाग तेवढा अजून उसवायचा राहिलाच होता. मी घरी पळत जाऊन तो आणला. चौथा भाग आला की या वेळी नीट शिवू, नीलाबाई म्हणाली. तसाच शिवायचा, बाबा म्हणाले.

त्यांनी शिवण उसवली, पाच ढीग घातले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला. मी उठले आणि पाठ केली. माझ्यासमोर तलाव होता. पाण्यावरचे बुडबुडे, कडेला कमळाची पानं, नेहमीचंच.

"हा कोनाचा?" बाबांनी विचारलं.

"नीलाबाईचा."

"हा?"

"चैतूभाऊचा."

"हा?"

"तुमचा, बाबा."

दोन राहिले. काठी पुढच्या ढिगाला लागल्याचा आवाज आला. भाग संपला होता, आणि भाग संपला की उत्तर देते असं मी म्हटलं होतं.

"हा कोनाचा?"

"आमचा," मी म्हटलं.

काठी थांबली. "आमचा म्हंजे कोनाचा वो?"

"देवानंदचा अन् माहा. तो पाचवा पन त्यातच टाका. एका घरात दोन वाटे कायले पायजे?"

पाठमोऱ्याने नाव घेतलं की त्यावर कोणी तोंड उघडायचं नाही, अशी आमची रीत आहे. कोणी उघडलं नाही. मी वळले नाही, माझी हिंमतच होईना. मागे खडा उचलल्याचा आवाज आला, मग पानांवर पानं ठेवल्याचा, आणि बाबांनी ती हाताने थोपटून सारखी केल्याचा.

मग मी वळले. देवानंद त्या मोठ्या ढिगासमोर बसला होता आणि उचलायचं सोडून नुसता बघत होता. मीच पुढे झाले आणि वाटा उचलला.